अडलेला खटका

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजण हसतील. म्हणतील, पाऊसपाणी, खते-बियाणे, मुलांच्या परीक्षा हे सारे सोडून हे प्राध्यापक महाशय जुन्या कॅमेऱ्याचा अडलेला खटका घेऊन कुठे बसले! शिवाय आता ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आहे. त्याला रीळ लागत नाही की धुलाई लागत नाही. म्हणणे खरे आहे. पण आपल्या घरातली जुनी ट्रंक किंवा माळा जरा आठवून पाहा. चामड्याच्या पाकिटातला, पट्टा तुटलेला एखादा कॅमेरा पुष्कळ घरांत अजून आहे. शाळेच्या कपाटातही असतो. कुठे बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक थ्री असेल, कुठे जपानी याशिका, कुठे रशियन झेनिट. त्याच्याविषयी विचारले की घरातून ठरलेले उत्तर येते, ‘तो होय? तो बिघडलाय. बटणच दाबलं जात नाही.’

या ‘बिघडलाय’ शब्दाविषयी मला आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. मी काही मिस्त्री नव्हे. कॉलेजात मराठी शिकवतो. पण कॅमेऱ्याचा नाद तरुणपणापासूनचा, आणि त्या नादाची फीही मी भरलेली आहे. ती कशी, ते ओघाने येईलच.

प्रथम भांडगावची हकीकत सांगतो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात की यवत मागे पडते आणि चौफुला यायच्या आधी भांडगाव लागते. दौंड तालुक्यातले गाव. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, रस्त्यावरच्या मालमोटारींची अखंड वर्दळ, आणि आषाढीच्या आधी देहूहून निघालेली तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडकडे जाताना याच वाटेने जाते. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या एका शिक्षकबंधूंनी मला मुद्दाम बोलावून घेतले. त्यांचे वडीलही प्राथमिक शिक्षक होते. गावात त्यांना सगळे थोरले गुरुजी म्हणत. ते २००९ साली गेले. त्यांचा कॅमेरा मात्र घरात तसाच राहिला होता.

बाहेरच्या पडवीत सतरंजी अंथरली होती. गुरुजींनी पाकीट उघडले. पस्तीस मिलिमीटरच्या रिळाचा, आत आरसा असलेला, चांगला वजनदार कॅमेरा निघाला. पाकिटाच्या खणात वहीच्या कागदाची घडी होती. थोरल्या गुरुजींचे वळणदार अक्षर : ‘लीव्हर अर्ध्यात अडते. खटका दबत नाही. पुण्यास दाखवणे.’ खाली जुलै १९९८. पुण्यास दाखवणे काही झाले नाही. मुलीचे लग्न, घराचे पत्रे, कोणाचे आजारपण, अशा कामांच्या मागे कॅमेऱ्याचे काम राहून गेले. आपल्या सगळ्यांकडे होते तसेच.

गुरुजींचा कॉलेजात जाणारा मुलगा बारीक पेचकस घेऊन तयारच होता. म्हणाला, ‘सर, मागचं झाकण उघडून बघू या का? आत काय अडकलंय ते तरी कळेल.’ मी त्याचा हात धरला. म्हटले, ‘बाळा, सगळं कर, पण एवढं करू नकोस.’

का करू नकोस, हे सांगण्याआधी माझी फी सांगतो. २००१ साल. आमची सहल निघाली होती. मामांचा कॅमेरा मी मागून घेतला होता. ऐन गडावर लीव्हर पुढे सरकेना. मित्र भोवती उभे, ऊन कलत चाललेले, आणि मी तरणाबांड गडी. दोन्ही अंगठे लावून जोर केला. आत ‘कट्’ असा आवाज झाला आणि लीव्हर एकदम सैल पडली. मित्र म्हणाले, ‘सुटली बघ!’ ती सुटली नव्हती, तुटली होती. पुढे दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवले. रिळाच्या कडेची भोके फाटली होती आणि एका चक्राचा दात गेला होता. रीळ संपले होते, एवढेच काय ते झाले होते. मामा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, ‘अरे, एकदा विचारलं असतंस!’ कोणाला विचारायचे? मामांना तर खरेच, पण आधी त्या कॅमेऱ्यालाच विचारायला हवे होते. यंत्राला प्रश्न विचारायची एक रीत असते, आणि त्या रीतीत जोर लावणे सर्वांत शेवटीसुद्धा येत नाही.

आता ही रीत कळण्यासाठी खटक्याच्या आत काय चालते ते थोडक्यात पाहू. तुम्ही लीव्हर फिरवता तेव्हा एका फेरीत तीन कामे होतात. रीळ एका चित्रापुरते पुढे सरकते. पस्तीस मिलिमीटरच्या रिळाला दोन्ही कडांनी भोके असतात, त्यातली आठ भोके म्हणजे एक चित्र. दुसरे, शटरच्या स्प्रिंगा ताणल्या जातात. तिसरे, वरच्या छोट्या खिडकीतला आकडा एकाने वाढतो. मग तुम्ही खटका दाबता. आरशाच्या कॅमेऱ्यात आधी आरसा वर जातो, मग रिळापुढचा पहिला पडदा सरकून उजेडाला वाट देतो, आणि दुसरा पडदा मागोमाग येऊन ती वाट बंद करतो. उजेडाची ही वाट कधी कधी सेकंदाच्या सव्वाशेव्या हिश्श्यापुरतीच मोकळी असते.

यातली खुबी अशी की, लीव्हरची फेरी पुरी झाल्याखेरीज खटका दबत नाही. तशी मुद्दामच सोय केलेली असते. नाहीतर एका चित्रावर दुसरे चित्र उमटेल आणि बापाच्या अंगावर लेकाचे डोके दिसेल! म्हणजे खटका दबत नाही याचा अर्थ पुष्कळदा कॅमेरा बिघडला असा नसून कॅमेरा आपले काम चोख बजावतो आहे असा असतो. दार ढकलून उघडत नसले तर दार मोडके आहे असे आपण लगेच म्हणतो का? आधी पाहतो, आतून कडी तर लावलेली नाही ना. कडी लावलेल्या दाराला खांदा दिला तर दार मोडते आणि खांदाही दुखतो.

तेव्हा भांडगावच्या पडवीत आम्ही कड्या शोधायला बसलो. मुलाला म्हटले, वही घे आणि एकेक लिहून काढ. तुम्हीही हवे तर लिहून घ्या.

पहिला प्रश्न : खटक्याला कुलूप आहे का? पुष्कळ कॅमेऱ्यांत खटक्याभोवती एक कडे असते, ते फिरवले की खटका बंद होतो. काहींत लीव्हर अंगाला अगदी चिकटवून ठेवली की खटका बंद, आणि बोटभर बाहेर ओढली की मोकळा. प्रवासात पिशवीत उगाच बटण दाबले जाऊ नये म्हणून ही सोय. आमच्या कॅमेऱ्याला कुलूप नव्हते.

दुसरा प्रश्न : कॅमेरा सेलवर चालणारा आहे काय? काही जुन्या कॅमेऱ्यांचे शटर संपूर्ण यांत्रिक असते, सेल फक्त उजेड मोजण्यापुरता. काहींचे शटरच विजेवर चालते, सेल संपला की खटका मुका. तळाशी नाण्याने फिरवावयाचे छोटे झाकण असते. ते उघडून सेल काढा. हिरवी-पांढरी पूड जमलेली दिसली तर तो सेल पाझरलेला आहे. व्हिनेगारचा अगदी किंचित ओला बोळा काडीला लावून ते तोंड पुसावे, मग कोरडे करावे, मग नवा सेल. आमचा कॅमेरा यांत्रिक होता. सेलाचा संबंध नव्हता.

तिसरा प्रश्न : आपोआप फोटो काढण्याची कळ अर्ध्यावर अडली आहे काय? आपण कळ फिरवून धावत जाऊन फोटोत उभे राहतो, ती कळ. तिच्यातले बारीक चक्र जुने झाले की मध्येच थांबते आणि पुढचे सगळे अडवून धरते. ती बोटाने अलगद, तिच्याच दिशेने जाऊ द्यावी. आणि जुन्या कॅमेऱ्याची ही कळ शक्यतो वापरूच नये. आमची कळ जागच्या जागी होती.

चौथा प्रश्न : लीव्हरची फेरी पुरी झाली आहे काय? दोन बोटांनी, देवाची घंटा वाजवावी तितक्याच जोराने, ती पुढे नेऊन पाहिली. अर्ध्यात जाऊन थांबली. तिथे थांबली म्हणजे तिथे थांबावयाचे. थोरल्या गुरुजींच्या चिठ्ठीतले निदान बरोबर होते, पण ते लक्षणाचे निदान होते. ताप आहे एवढे कळले, कशाचा ते कळले नव्हते.

इतका वेळ काकू, म्हणजे थोरल्या गुरुजींच्या पत्नी, उंबऱ्याशी बसून शेंगा निवडत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, ‘पडला होता तो.’

गुरुजी म्हणाले, ‘कधी, आई?’

‘पालखीच्या आदल्या दिवशी. फडताळ झाडताना माझ्या हातनं पडला. मी पुसून तसाच ठेवला. पुढं चार दिवसांनी हे म्हणाले, कॅमेरा अडकला. मग माझी जीभच उचलंना.’

‘आई, इतक्या वर्षांत तू कधी बोलली नाहीस!’

‘काय बोलायचं? त्यांनी पगारातनं पैसं साठवून घेतला होता.’

पडवीत थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मुलाने वहीत लिहिले : ‘पडला होता.’ श्रोतेहो, अशी कबुली मिळाली की शोध संपल्यासारखा वाटतो. कारण सापडले, गुन्हेगार सापडला, मोकळे झालो. पण इथेच सावध राहिले पाहिजे. पडला होता हे खरे. पडल्यामुळे अडला हे अजून ठरावयाचे होते. एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे होत नाही. मी म्हटले, ‘काकू, अजून एक प्रश्न राहिलाय. तो विचारू, मग बघू.’

पाचवा प्रश्न : आकड्याच्या खिडकीत काय दिसते? मुलाने उजेडात धरून वाचले : पंचवीस.

आता इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. बहुतेक पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांत मागचे झाकण उघडले की हा आकडा आपोआप आरंभाच्या खुणेवर परत जातो. तो पंचवीसवर आहे, म्हणजे १९९८ पासून झाकण कोणी उघडलेले नाही. आणि झाकण उघडलेले नाही, म्हणजे आत रीळ असू शकते. ते आहे की नाही, हे झाकण न उघडता पाहता येते. वरच्या अंगाला डाव्या हाताशी एक घडीचा मुठा असतो, रीळ परत गुंडाळावयाचा. तो बाणाच्या दिशेने अगदी हळू फिरवावा. नुसताच गरगर फिरला तर बहुधा आत काही नाही. थोडा फिरून ताणला गेला आणि थांबला तर रीळ आहे. आमचा मुठा पाऊण फेरा फिरला आणि ताणून थांबला.

मुलगा माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी म्हटले, ‘आता कळलं, झाकण का उघडायचं नव्हतं? उघडलं असतंस तर आजोबांनी काढलेलं जे काही आत असेल ते क्षणात उजेडानं काळं झालं असतं.’

गुरुजी म्हणाले, ‘पण सर, वडील नेहमी छत्तीसचं रीळ घालायचे. पंचवीसला कसं संपेल?’

तोच तर प्रश्न होता. छत्तीसचे रीळ मिळते तसे चोवीसचेही मिळे, आणि चोवीसच्या रिळावर पंचवीस चित्रे सहज बसतात. थोरल्या गुरुजींच्या मनात छत्तीसचा हिशेब पक्का बसला होता. पंचवीसला लीव्हर अडली तेव्हा रीळ संपले असेल ही शंकाच त्यांच्या मनाला शिवली नसावी. अकरा चित्रे शिल्लक आहेत असे ज्याला वाटते तो म्हणणारच, कॅमेरा अडला! जाणत्या माणसाची चूक बहुधा अशीच होते, अडाणीपणाने नव्हे, तर सवयीच्या भरवशाने.

मग उपाय सोपा होता. कॅमेऱ्याच्या तळाशी एक बारीक बटण असते. ते दाबले की आतले दातेरी चक्र मोकळे होते आणि रीळ उलट फिरू शकते. ते दाबले आणि मुठा बाणाच्या दिशेने फिरवू लागलो. फार हळू, कारण इतक्या वर्षांनी रीळ कडक होते, घाई केली तर तुटते. मुठा जड चालत होता, पण चालत होता. काकू शेंगा टाकून जवळ येऊन बसल्या. पुष्कळ फेऱ्यांनंतर एके ठिकाणी किंचित ओढ लागली, ती सुटली, आणि मुठा हलका झाला. रीळ आपल्या डबीत परत गेले होते. तरीही घरातली न्हाणी बंद करून, दाराच्या फटीला पोते लावून, अंगावर गोधडी घेऊन अंधारात झाकण उघडले. खबरदारी कधी वाया जात नाही. बाहेर येऊन डबी पाहिली. तिच्यावर आकडा होता चोवीस.

आता लीव्हर फिरवली. सुरळीत गेली. खटका दाबला. ‘खट्!’

सव्वीस वर्षे ‘बिघडलेला’ कॅमेरा बोलला. अगदी ठणठणीत नव्हता, हेही सांगतो. सेकंद-अर्ध्या सेकंदाच्या संथ गतीवर तो कण्हत होता, आत तेल सुकले होते. ते काम मिस्त्रीचे. पण अडलेला मात्र तो कधीच नव्हता. त्या रिळाचे काय झाले ते शेवटी सांगतो.

कोणी विचारील, हे पाचही प्रश्न विचारून झाले आणि तरी खटका हलला नाही, तर काय करावे? तर पुढे तीन शक्यता राहतात.

एक, खटका दबतो, आवाजही येतो, पण भिंगामागच्या पातळ पाकळ्या उघडत नाहीत किंवा सुस्तपणे उघडतात. पाकळ्यांच्या शटरचा हा नेहमीचा रोग. आतले वंगण जुने होऊन चिकट झाले, ते पाकळ्यांवर पसरले आणि पाकळ्या एकमेकींना चिकटल्या. थंडीत जास्त अडतो आणि उबेत थोडा सुटतो, अशी त्याची ओळख. इथे हटकून एक घोर चूक होते. आपण शिलाई मशीनच्या तेलाचा किंवा खोबरेल तेलाचा थेंब सोडतो, कोणी रॉकेलही सोडतो. विहिरीच्या रहाटाला तेल दिले की तो चालतो, म्हणून कॅमेऱ्यालाही द्यावे असे वाटते. पण शटरच्या पाकळ्या कोरड्याच चालावयाच्या असतात. तेल हे इथे औषध नव्हे, तेच दुखणे आहे.

दोन, आरसा वर अडकला आहे. डोळा लावला की सगळे काळे दिसते. सेलवरचा कॅमेरा असेल तर आधी नवा सेल घालून पाहा. यांत्रिक असेल तर भिंग अलगद काढून पाहा, काही टेकते आहे काय. पण आरशाला आणि मागच्या पडद्याला बोट लावू नका. आरशाचा मुलामा वरच्या बाजूला असतो आणि पडदा पापुद्र्यासारखा नाजूक असतो.

तीन, खरोखरच आत काही तुटले आहे. ते जाणत्या मिस्त्रीकडे न्यावे. नेताना काय काय पाहिले, काय झाले, कोणत्या क्रमाने, हे कागदावर लिहून न्यावे. डॉक्टरला रोग्याची हकीकत सांगावी तसे. त्याचे अर्धे काम वाचते आणि आपले पैसेही.

आणि एक ताकीद. ज्या लहान कॅमेऱ्यांत फ्लॅश अंगचाच असतो, ते घरी पेचकसाने कधीही उघडू नका, मुलांच्या हाती खेळायलाही उघडून देऊ नका. फ्लॅशसाठी आत वीज साठवून ठेवलेली असते, सुमारे तीनशे व्होल्ट दाबाची. सेल काढल्यावरही ती पुष्कळ वेळ राहते आणि जबर झटका देते.

तसे, कॅमेरा अडू नये म्हणून फार काही लागत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्याची धूळ, पावसाळ्यात ओल. चामड्याचे पाकीट ओल धरून ठेवते आणि भिंगावर बुरशी येते. म्हणून कॅमेरा पाकिटाबाहेर, घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीत मिळतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावा. ठेवताना सेल काढावा, आणि लीव्हर ओढून स्प्रिंग ताणलेली ठेवू नये. महिन्या-दोन महिन्यांनी पाच-दहा वेळा खटका वाजवावा. गाय असो की यंत्र, बांधून ठेवले की आखडते.

कोणी म्हणेल, ही सगळी शहरी, परदेशी विद्या, आपल्याला कशाला? पण आपल्याच मराठी मुलखात या यंत्राशी दोस्ती करणारी माणसे फार पूर्वी होऊन गेली. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कॅमेरा विलायतेहून आणला आणि ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याच्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्राचित्राने टिपून दाखवली. बी उगवते ते सारे शेतकरी पाहतात, पण उगवताना कोणी पाहिले होते? कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मूळचे पडदे रंगवणारे कलावंत. विलायती कॅमेरा सहज मिळेना, तेव्हा त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह कॅमेराच घरी घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. ही माणसे यंत्राला भ्याली नाहीत, आणि यंत्रावर धसमुसळेपणाही केला नाही. हे कसे चालते, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत धीर धरला.

माझ्या शिक्षकबंधूंना म्हणून एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या कपाटात असा जुना कॅमेरा असेल तर तो निकामी म्हणून भंगारात देऊ नका. आत रीळ नाही याची खात्री करून घ्या, मागचे झाकण उघडून मुलांच्या हाती द्या. भिंतीच्या उजेडाकडे धरून संथ गतीवर खटका दाबा, पडदा उघडताना मुलांना डोळ्यांनी दिसेल. स्प्रिंग, तरफ, दातेरी चक्र, प्रकाश, काळ, सारे एका मुठीत. आणि तो अडलेला असेल तर अधिकच उत्तम. मुलांना म्हणा, हा का अडला ते जोर न लावता शोधून काढा. एकेक शक्यता फळ्यावर लिहा आणि एकेक खोडा. हा तास पुस्तकातल्या दहा पानांना पुरून उरेल.

आणि हा तास आपल्यालाही लागू आहे. वर्गात एखादा मुलगा उत्तर देत नाही. आपण म्हणतो, हा मठ्ठ आहे. त्याला खांदा देतो, कधी छडीही देतो. पण कडी कुठे लागली आहे ते पाहिले का? त्याला फळा दिसत नसेल, सकाळी भाकरी मिळाली नसेल, किंवा मागच्या वर्षीचा हिशेबच त्याला कळला नसेल आणि त्याची फेरी अर्धीच राहिली असेल. ‘बिघडला’ म्हणणे सोपे असते. पण एकदा तसे म्हटले की आपण बघायचे थांबतो. आणि आपण बघायचे थांबलो की त्या शब्दाचा भार कोणीतरी दुसराच वाहत राहतो. भांडगावच्या घरात तो भार कोणी वाहिला, ते तुम्ही ऐकलेच.

आता त्या रिळाविषयी. ते रंगीत होते, पण वय झाल्यामुळे त्यातल्या रंगांचा भरवसा नव्हता. म्हणून पुण्यातल्या माझ्या एका स्नेह्याने ते कृष्णधवलाच्या रसायनात धुतले. जुन्या रिळावर धुक्यासारखी छटा चढते, तशी चढली होती. पंचवीसपैकी सोळा चित्रे ओळखू येण्यासारखी निघाली. लिंबाखाली बसलेला वर्ग, शाळेची नवी घंटा, बैलांची जोडी, लग्नाआधीची मुलगी. शेवटची पाच एकाच दिवसाची. रस्ताभर माणसे, पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. अगदी शेवटच्या चित्रात रस्त्याच्या कडेला घागर घेऊन एक बाई वारकऱ्यांना पाणी देते आहे, आणि ओंजळीकडे पाहताना हसते आहे.

त्या प्रती घेऊन मी पुन्हा भांडगावला गेलो. काकूंनी चष्मा पुसून ते शेवटचे चित्र बराच वेळ पाहिले. मला वाटले, आपलाच तरुणपणचा चेहरा पाहून त्या काही बोलतील. गुरुजीही तेच ऐकायला थांबले होते. पण काकूंचे लक्ष चेहऱ्याकडे नव्हतेच. त्यांनी पताकांवर बोट ठेवले आणि विचारले, ‘हा पालखीचा दिवस ना?’

‘हो, आई.’

‘म्हणजे पडल्यावरसुद्धा चालत होता.’

‘हो, काकू,’ मी म्हटले. ‘चांगला पाच फोटो चालला. तुमच्या हातनं काही झालं नव्हतं.’

काकूंनी ती प्रत पदराने पुसली आणि थोरल्या गुरुजींच्या तसबिरीखाली नेऊन ठेवली. मग आत जाऊन चहाचे आधण ठेवले.

श्रोतेहो, तुमच्याही ट्रंकेत असा कॅमेरा असेल तर उद्या सकाळी खाली काढा. झाकण उघडू नका. आधी आकडा पाहा.